राजमामार्फत

दूध उतू चाललं होतं आणि माझ्या अर्ध्या तोंडाला साबणाचा फेस होता. बेसिन आमच्याकडे पॅसेजमध्ये आहे. तिथून स्वयंपाकघर दिसतं, गॅस दिसतो, पातेल्याच्या काठापर्यंत चढत आलेली साय दिसते आणि जरा मान वळवली तर मागच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणारी माझी बायको वृंदाही दिसते. पुढे होऊन गॅस बंद करणं मला काही अशक्य नव्हतं. पण दूध तिनं ठेवलं होतं आणि आमचा अबोला चालू होता. अबोल्यात दुसऱ्यानं तापत ठेवलेल्या दुधात आपण लक्ष घातलं तर तो पहिला शब्द बोलल्यासारखाच धरला जातो, आणि पहिला शब्द मी बोलणार नव्हतो. हाक मारणं तर त्याहून वाईट. खाली राजमा, म्हणजे आमच्या मुलीचा, तनयाचा कुत्रा, माझ्या पायजम्याची नाडी तोंडात धरून मागे मागे सरकत होता. “राजमा,” मी त्याच्याकडे बघत जरा मोठ्यानं म्हणालो, “आजीला सांग, दूध उतू जातंय.” बाल्कनीतून पाठ न वळवता उत्तर आलं, “राजमा, आजोबांना सांग, बटण उजवीकडे फिरवलं की गॅस बंद होतो. इंजिनीअर आहेत ते.” तेवढ्यात दूध उतू गेलं. ओट्यावरून जमिनीवर आलं ते राजमानं चाटून साफ केलं, आणि मी फेस वाळत चाललेल्या तोंडानं आरशासमोर उभा राहिलो. काहीतरी झालं होतं. एक तर मी स्वतःला कुत्र्याचा आजोबा म्हणवून घेतलं होतं, जे मी काही झालं तरी करणार नाही असं तनयाला बजावलं होतं. आणि दुसरं म्हणजे, बंद पडलेलं टपाल पुन्हा सुरू झालं होतं.

आमच्या घराण्यात अबोला ही रीतसर गोष्ट आहे. पुण्याला माझे आईवडील महिनोन् महिने अबोला धरत, आणि त्या काळात घर अतिशय शिस्तीत चाले. निरोप आम्हा मुलांमार्फत जात. वडील ताटावर बसलेले, आई समोर वाढणार, आणि मधे उभा राहून मी, “बाबा म्हणतात आमटीत मीठ नाही,” “आई म्हणते समोर वाटीत आहे.” मला वाटायचं सगळीकडे असंच असतं. वृंदा दिल्लीत वाढलेली, करोल बागेतली, तिच्या माहेरी भांडण म्हणजे शेजारच्या पंजाबी घरांसारखं, खिडक्या उघड्या टाकून, आणि अर्ध्या तासानं सगळे मिळून छोले खायला मोकळे. लग्नानंतर मी पहिला अबोला धरला तेव्हा तिला वाटलं माझा घसा बसलाय. तिनं मला गुळण्या करायला मीठपाणी दिलं. पण माणूस शिकतो. ती इतकी शिकली की पुढेपुढे मलाच धाप लागायला लागली. तेव्हा मधे तनया होती. “आई म्हणते जेवायला या. आणि आई म्हणते नाही आलात तरी चालेल.” आठवीत गेल्यावर एके दिवशी ती दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाली, “यार, तुम्ही दोघं एकाच खोलीत बसलायत. मी नाही सांगणार.” त्यानंतर आमचे अबोले आखूड होत गेले. त्यात प्रेम वाढल्याचा भाग किती आणि गैरसोयीचा किती, हे मी कधी तपासलं नाही.

हा ताजा अबोला मात्र आखूड होण्यातला नव्हता. दिवाळीनंतर दिल्लीतल्या मयूर विहारमधली आम्ही काही मराठी कुटुंबं फराळाला एकत्र जमतो. यंदा प्रणिताकडे होतो. ही पुण्याहून नोकरीसाठी आलेली मुलगी आमच्याच सोसायटीत राहते आणि वृंदाच्या गळ्यातला ताईत झालेली आहे. तिनं सहज विचारलं, “काका, आता पुढे काय प्लॅन?” माझ्या हातात चकली होती. मी म्हणालो, “पुढे काय, पुण्याला परत. माझ्या भावानं, दामूनं, सिंहगड रोडला एक छान फ्लॅट बघितलाय. मालकाला फक्त होकार कळवायचाय. फेब्रुवारीपर्यंत इथलं आवरतो.” बोलताना मला फार बरं वाटत होतं. मी दिल्लीला आलो तो दोन-तीन वर्षांसाठी म्हणून, आणि तेव्हापासून आमच्या घरात सगळं ‘पुण्याला गेल्यावर’ होतं. पितळी समई पुण्याला गेल्यावर काढायची म्हणून खोक्यात, चांगला पलंगपोस पुण्याला गेल्यावर. मी हे इतकी वर्षं म्हणत आलो होतो की ते दोघांनी मिळून ठरवलंय असंच मला वाटत होतं. वृंदा समोर शंकरपाळे खात उभी होती. ती म्हणाली, “अच्छा?” एवढंच, हसून. घरी आल्यावर चप्पल काढताना ती म्हणाली, “मला ही बातमी प्रणिताकडून कळली असती तरी चाललं असतं.” आणि बोलणं बंद झालं. मी रात्रभर विचार केला की माझं चुकलं कुठे, आणि मला सापडलं नाही. परत जायला तिची हरकत काय? हा प्रश्न मी मनात बराच घोळवला, आणि फार उशिरा माझ्या लक्षात आलं की ती पुण्याला कधी राहिलेलीच नाही. लग्नकार्याला गेली असेल तेवढीच. मग तिनं परत जायचं म्हणजे कुठे? पण एवढं लक्षात आलं म्हणून पहिला शब्द आपण बोलावा असं काही मला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तनया गुडगावहून आली ती राजमाला घेऊन. ती आणि इंद्रजित, म्हणजे जावई, दोघंही ऑफिसच्या कामानं बाहेर जाणार होते. राजमा हा पांढरा, आखूड पायांचा, पाठीवर राजम्याच्या रंगाचा ठिपका असलेला प्राणी. जात परदेशी, उंची माझ्या पोटरीएवढी. “बाबा, तो बिल्कुल त्रास देत नाही,” तनया म्हणाली. “फक्त थोडा एनर्जेटिक आहे. त्याला थकवावं लागतं.” ती हे बोलत असताना तो दिवाणावरून सोफ्यावर, सोफ्यावरून टीपॉयवर आणि टीपॉयवरून माझ्या मांडीवर आला, तिथे न थांबता दिवाणावर गेला, आणि पुन्हा तेच. मी आयुष्यभर सरकारी खात्यात धरणांच्या सांडव्यांची डिझाइन्स केली. जादा पाणी आलं तर ते कुठून सोडायचं, हा माझा विषय. पण हा पूर कुठून येतो हेच मला कळेना. चमचाभर कोरडं खाणं खाऊन हा एवढा पळतो कसा? त्यात तो कुकरच्या प्रत्येक शिट्टीला भुंकतो, मिक्सर लावला की मिक्सरशी भांडतो, आणि टीव्हीवर कोणी दार वाजवलं की आमच्या दाराशी जाऊन बसतो. मी त्याला थकवण्याचा पद्धतशीर प्रयत्न केला. पॅसेजच्या एका टोकाला उभं राहून चेंडू टाकत राहिलो. खांदा माझा दुखायला लागला. तो चेंडू पायाशी ठेवून माझ्याकडे बघत उभा, शेपटीसकट सगळा मागचा भाग हलवत, की झालं एवढ्यात? माझ्याकडे इतक्या आशेनं कोणी बघितल्याला बरीच वर्षं झाली होती. मी डाव्या हातानं चेंडू टाकला.

तर दूध उतू गेल्यापासून आमचा सगळा व्यवहार राजमामार्फत होऊ लागला. पण हा निरोप्या तनयासारखा नव्हता. तो उभाच राहत नसे. “राजमा, आजीला विचार, माझा तो राखाडी स्वेटर, जो मागच्या वर्षी...” एवढं होईपर्यंत तो दुसऱ्या खोलीत. मग उरलेलं वाक्य घेऊन मला त्याच्यामागे जावं लागे, आणि तो नेमका वृंदाच्या पायात जाऊन थांबे. म्हणजे मी तिच्यासमोर उभा, वाक्याचं शेपूट तोंडात, आणि नजर खाली कुत्र्याकडे. हळूहळू आम्ही दोघंही थोडक्यात बोलायला शिकलो. टोमणा मारायला वेळच मिळेना. आणखी एक गोष्ट मला जाणवत होती आणि तिची मला थोडी भीती वाटत होती. वृंदा त्याच्याशी ज्या आवाजात बोले तो आवाज मी फार दिवसांत ऐकला नव्हता. लाडाचा, किंचित बोबडा, तनया लहान होती तेव्हाचा. त्या आवाजात ती मला वीज गेल्याचं सांगे, डाळ संपल्याचं सांगे, आणि मी पेपरामागे बसून ते ऐकताना उगाचच सुखावत असे. आणि मग एके सकाळी, फिरून आलेल्या राजमाचे पाय फडक्यानं पुसता पुसता, त्याच लाडाच्या आवाजात ती म्हणाली, “दे बघू तो पाय. आता हा. शहाणा माझा. आजोबांना सांग हं, त्यांना जायचं असेल तर त्यांनी जावं पुण्याला. आजी इथेच राहणार. येईल ती मधूनमधून भेटायला. आता हा पाय, चलो.” आणि चौथा पाय पुसून तिनं त्याला सोडून दिलं. तो सुटला तो सोफ्याखाली.

मी पेपर धरून बसून राहिलो. बाहेर खिडकीला धूर चिकटून होता, समोरच्या इमारतीचं फक्त गच्चीवरचं टाकं दिसत होतं. माझ्या संसारातलं सगळ्यात गंभीर वाक्य मला कुत्र्याचे पाय पुसता पुसता ऐकवलं गेलं होतं आणि त्याला उत्तर द्यायचं तर राजमा सोफ्याखालून बाहेर येत नव्हता. मी खाली वाकलो. तो माझा मोजा चावत होता. “राजमा,” मी सोफ्याखाली तोंड घालून म्हणालो. मला पुण्याचा तो फ्लॅट दिसला, दामूनं फोटो पाठवले होते, पूर्वेची गॅलरी, आणि त्या गॅलरीत खुर्ची एकच. मी घाबरलो. साठी उलटलेल्या माणसानं सोफ्याखाली डोकं घालून घाबरावं हे शोभत नाही, पण मी घाबरलो. त्यातच दामूचा फोन आला, मालक घाई करतोय, रविवारी होकार दे नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. रविवारीच तनया राजमाला न्यायला येणार होती. म्हणजे रविवारनंतर पुण्याचा निकाल लागलेला, आणि घरात आम्ही दोघं, मधे कोणी नाही.

शनिवारी वृंदा प्रणिताबरोबर तिच्या गाडीनं पानिपतला गेली, प्रणिताला ब्लँकेटं घ्यायची होती. संध्याकाळी माझा फोन वाजला. वृंदाचा. मी उचलला. पलीकडून ट्रकांचे भोंगे आणि मग तो आवाज, “राजमा, आजोबांना सांग, हायवेवर जाम आहे. मला उशीर होईल. तुला संध्याकाळचं फिरवून आणायला सांग.” मी फोन खाली वाकून राजमाच्या कानाशी धरला होता. का ते मला विचारू नका. “राजमा,” मी म्हणालो, “म्हण, बरं.” त्याला सकाळी मी फिरवत असे, गेटपासून पार्कपर्यंत आणि परत, सरळ रेषेत. संध्याकाळ वृंदाची होती. त्यामुळे तोंडाला मास्क लावून, पट्टा घालून मी त्याला खाली नेलं तेव्हा मी उजवीकडे वळलो आणि तो डावीकडे. एवढ्याशा जिवात ताकद किती असावी? मी ओढला गेलो.

पहिल्यांदा तो इस्त्रीवाल्याच्या टेबलापाशी थांबला. इस्त्रीवाल्यानं डब्यातून बिस्किट काढून त्याला दिलं. “अरे राजमा, आज आंटी नहीं आईं?” मग माझ्याकडे बघून, “अंकल, तो फरवरी से आपके कपड़े बंद? आंटी ने बताया.” मी काही बोलायच्या आत राजमानं मला पुढे काढलं. मागच्या ब्लॉकच्या कट्ट्यावर चार बायका शाली गुंडाळून पत्ते खेळत होत्या. राजमा थेट त्यांच्यात जाऊन बसला. हो, बसला. घरात क्षणभर न बसणारा. “वृंदाजी के हस्बैंड?” एकीनं विचारलं, आणि सगळ्यांनी मला नीट बघून घेतलं. वृंदा पत्ते खेळते हे मला माहीत नव्हतं. “खेळते काय, रोज जिंकते,” असं त्या हिंदीतून सांगत होत्या. आपल्या जागी बसवायला म्हणून ती हल्ली तिसऱ्या मजल्यावरच्या कुणा सूनबाईंना रमी शिकवत होती. “पुणे में तो पानी की बड़ी दिक्कत है, भाईसाहब,” दुसरी म्हणाली. “हमारा भांजा वहीं है.” तिसरी पत्ते लावता लावता माझ्याकडे न बघता म्हणाली, “हमने तो कहा, मत जाओ. कहती हैं, इनका बरसों का मन है, मैं कैसे ना बोलूँ.” मी तिथे पट्टा धरून उभा. मला वाटलं यांना सांगावं की ती येणार नाहीये, तिनं मला स्पष्ट कळवलंय, कुत्र्यामार्फत.

शेवटचा थांबा तळमजल्यावरच्या मल्याळी बाईंचा. राजमा त्यांच्या छोट्या फाटकाशी मागच्या पायांवर उभा राहिला आणि त्यांनी आतून नारळाचा तुकडा आणून दिला. त्यांच्या पायरीशी कढीपत्त्याची एक मोठी कुंडी होती, निळ्या रंगाची. आमच्या खिडक्यांच्या ग्रिलचा उरलेला रंग मी एकदा एका कुंडीला फासला होता, आणि जगात त्या निळ्या रंगाची दुसरी कुंडी नसणार. “वृंदाजी ने दिया,” बाई म्हणाल्या. “बोलीं, इतना बड़ा पेड़ ट्रक में मर जाएगा. आप सँभालना.” ते झाड तिनं करोल बागेतून, आईच्या घरून आणलं होतं. मी फाटकाला धरून उभा राहिलो. आता मला सगळं दिसायला लागलं. राजमाला सांगितलं ते तिला इतकी वर्षं म्हणायचं होतं ते होतं. आणि प्रत्यक्षात ती काय करत होती, तर एकेका दारी जाऊन निरोप घेत होती. ती येणार होती. मी म्हणालो म्हणून सगळं वाटून टाकून, माझ्यामागून ट्रकमध्ये बसणार होती, आणि फक्त एकदा, कुत्र्याचे पाय पुसताना, नाही म्हणून बघत होती. ती येणार म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला इतकं वाईट वाटलं की मी त्या बाईंना धन्यवादही न म्हणता वळलो. मी या शहरात इतकी वर्षं राहिलो म्हणजे एका फ्लॅटमध्ये आणि एका ऑफिसात राहिलो. शहरात ती राहिली.

ती आली तेव्हा मी दिवाणावर बसलो होतो. पर्स ठेवून ती पाणी प्यायली. राजमा तिच्याभोवती गोल गोल धावला आणि नेहमीसारखा दोघांच्या मधे येऊन उभा राहिला, आता बोला म्हणून. मी त्याच्यावरून नजर उचलली. “वृंदा,” मी म्हणालो. ती दचकली. माझ्या तोंडून तिचं नाव गेल्या पंधरवड्यात बाहेर पडलं नव्हतं. “आपण पुण्याला जायचं नाही. मी दामूला उद्या नाही सांगतो.” मला वाटलं होतं ती रडेल, किंवा निदान खाली बसेल. तिनं खाली वाकून राजमाचे कान चोळले. “बघितलंस राजमा,” ती म्हणाली, “आजोबांनी पुन्हा ठरवलं.”

एवढा मोठा त्याग करून आपण पुन्हा त्याच जागी उभे आहोत हे ध्यानात यायला मला वेळ लागला. राजमा माझ्याकडे बघत होता, पाय रोवून, चेंडूची वाट बघावी तसा. मी मनातल्या मनात वाक्य जुळवून पाहिलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. सोपं वाक्य होतं. असलं वाक्य मी हाताखालच्या ड्राफ्ट्समनला रोज विचारायचो, घरात कधी विचारलं नव्हतं. “वृंदा,” मी म्हणालो, “तुला कुठे राहायचंय?”

ती समोरच्या खुर्चीवर बसली, पदरानं चष्मा पुसला आणि माझ्याकडे, म्हणजे सरळ माझ्याकडे बघितलं. “माहीत नाही हो,” ती म्हणाली. “कधी विचार करायची वेळच नाही आली. इथे राहायचंय असं वाटतं. मग वाटतं, तुम्ही इथे तोंड पाडून बसलात तर? पुण्याला वर्षातले चार महिने? असं काही असतं का? बरंच बोलावं लागेल. जुनंही काही काही आहे.” ती थांबली. तिचा चेहरा लाल झाला होता. “पण हे असं समोरासमोर मला जमायचं नाही. तुम्ही तनयाला फोन करा. म्हणावं, राजमाला आणखी थोडे दिवस राहू दे.”

मी फोन लावला. मागे कुठल्यातरी विमानतळावरची अनाउन्समेंट ऐकू येत होती. “का बाबा?” तनया म्हणाली. “तुम्हाला तर त्याचा खूप त्रास होत होता ना?” राजमा तोवर दिवाणावरून सोफ्यावर गेला होता. “हो, फार त्रास आहे,” मी म्हणालो. “पण त्याला एवढ्यात नेऊ नकोस. माझं आणि तुझ्या आईचं बोलणं चाललंय.”